सात दोरे

सोमवार, ३ मार्च

आज शिंपीकाकांना चांगलंच झापलं. चार नंबरच्या खोलीत डोकावले तर गृहस्थ मांडीवर कापड घेऊन शिवत बसलेले आणि ओठांत दोन टाचण्या! म्हटलं, "काका, तोंडात सात सुया आहेत त्या कमी पडल्या का?" जीभ सुजलेली, बोलता येत नाही. पाटीवर लिहिलं, "चाळीस वर्षांची सवय. हात शिवतात, तोंड सुया सांभाळतं." आणि हसले. हसताना गालावरचे सातही दोरे हलले. मलाही हसू आलं, पण ते दाराबाहेर येऊन हसले. पेशंटसमोर हसलं की दरारा जातो.

त्यांच्या जिभेच्या कडेला गाठ आहे. मोठ्या डॉक्टरांनी शनिवारी तिच्याभोवती रेडियमच्या सात सुया खोचल्या. सुई म्हणजे प्लॅटिनमची बोटाच्या दोन पेरांएवढी बारीक नळी. एका टोकाला अणकुची, दुसऱ्या टोकाला नेढं, आणि पोटात जिऱ्याच्या दाण्याहूनही कमी रेडियम. नेढ्यातून रेशमी दोरा, दोऱ्याचं टोक गालावर चिकटपट्टीखाली. सहा दिवसांनी दोरा धरून ओढायची की बाहेर. तेवढ्या दिवसांत रेडियम गाठ जाळतं. पण गाठ कुठली आणि चांगलं मांस कुठलं हे त्याला मेल्याला कळत नाही. म्हणून जवळ घुटमळायचं नाही, शिशाच्या पडद्याआडून हात घालायचा, काम उरकायचं आणि पळायचं. मी अकरा वर्षं पळतेय. तरी बोटांची टोकं अशी भेगाळलीत की वहिनी म्हणते, "भांडी मी घासते आणि हात तुमचे खराब, चिमाताई!"

हॉस्पिटलात अशा चोवीस सुया आहेत आणि त्या माझ्या ताब्यात. रोज संध्याकाळी रजिस्टरमध्ये 'चोवीस' लिहून सही करायची. मोठे डॉक्टर गमतीनं म्हणतात, सिस्टरला पोरंबाळं नाहीत पण चोवीस सुया आहेत. मी ऐकून घेते. डॉक्टरांच्या विनोदावर हसणं हेही नोकरीतच येतं.

काकांनी पाटीवर विचारलं, घरी कोण? सांगितलं, दादा आणि वहिनी. दादा घराच्या पुढच्या खोलीत फोटो काढतो. वहिनीला आठ वर्षांनी दिवस गेलेत, सहावा लागलाय, आणि ती दिवसभर खुर्चीत बसून फोटोंच्या काचांवर पेन्सिलीनं डागडुजी करते, त्यामुळे कंबर धरते. काकांनी मान हलवली आणि मांडीवरचं कापड फिरवून पाहिलं.

गुरुवार, ६ मार्च

काका वहिनीसाठी उशी शिवतायत! कमरेच्या खळग्यात बसेल अशी अर्धगोल, निळ्या जाड कापडाची, आत कापूस. मी नको नको म्हटलं, पण मनातून बरं वाटलं. झोपेच्या औषधानं पेंगतात बिचारे, डोळे मिटलेले आणि हात चालूच. दुपारी खिडकीच्या काचेतून पाहिलं तर तोंडात बोटं घालत होते. जोरात दार वाजवलं तशी हात खाली. आत जाऊन पडद्याआडून गालावरचे दोरे मोजले. सात. ठीक. दोरा खुपत असेल.

घरी आले तर दादा आणि वहिनी नावांवरून भांडत होते. बाळ अजून पोटात, आणि दादानं त्याला फोटोग्राफरही करून टाकलंय. वहिनीनं रोजच्यासारखा माझा हात घेऊन पोटावर ठेवला. मीच तिला सांगितलंय की रोज चहानंतर हालचाली मोजायच्या. पण तिला म्हणे स्वतःला मोजताच येत नाहीत, मध्येच हसू येतं. मग मी मोजते. आज अर्ध्या तासात नऊ. दणकट आहे पोर.

शुक्रवार, ७ मार्च

शिंपीकाकांच्या सुया काढल्या. आमची पद्धत ठरलेली आहे. सुयांकडे बघत बसायचं नाही, दोरे मोजायचे. लांब चिमट्यानं दोरा धरायचा, ओढायचा, बशीत टाकायचा, दोरा बशीच्या काठावर लोंबता ठेवायचा. तोंड फिरवून सातदा तेच. दोरे सात, म्हणजे सुया सात. ही युक्ती मीच काढली, डॉक्टरांनी इतर हॉस्पिटलांनाही कळवली. शेवटचा दोरा अगदी सहज आला, काकांनी हूं की चूं केलं नाही. सिंकमध्ये रक्त धुतलं, पाणी ओतलं, बशी तिजोरीत. चोवीस, सही.

काकांनी जाताना उशी हातात दिली. पाटीवर लिहिलं, "बाळाच्या आईला." डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. वहिनीला तर इतकी आवडली की उठायलाच तयार नाही.

शनिवार, ८ मार्च

सुई नाही.

सकाळी बशीतल्या सुया तिजोरीतल्या आपापल्या नंबरच्या खाचांत लावायला घेतल्या. सात दोरे, सहा सुया. सातवा दोरा नुसताच. सतरा नंबरची खाच रिकामी. मी तीनदा मोजलं. मग दार लावून खाली बसले.

काल मी 'चोवीस' लिहून सही केली आहे.

विचार केला. तोंडातून सात दोरे निघाले, हे मी स्वतः मोजलंय. म्हणजे सुई त्यानंतर गेली. धुताना दोऱ्यातून निसटली असणार. त्या दोऱ्याचं टोक पाहिलं, चेंगरून दशा सुटल्यात, दातांखाली आल्यासारखं. चिमट्यानंच झालं असणार. सिंकखालचा वाकडा नळ स्वतः उघडला. त्यात केस, घाण, एक बटण. सुई नाही. माझा एप्रन, खिसे, बूट, सगळं झटकलं. नाही.

सांगायला हवं. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की ते विद्यापीठातून टिकटिक करणारं यंत्र मागवतील. ते यंत्र रेडियमजवळ गेलं की कडकड वाजतं, भिंतीपलीकडूनही सापडतं. आधीच्या सिस्टरच्या हातून सुई हरवली होती तेव्हा दोन तासांत धुण्याच्या गाठोड्यात सापडली. सुई परत आली आणि सिस्टर गेल्या. खोटी सहीसुद्धा नव्हती त्यांची, नुसती हरवली होती. महिन्याभरात हॉस्पिटलचं घर रिकामं करायला लावलं.

तेच घर. आता आम्ही राहतो ते.

सोमवारी सांगेन. तोवर सापडेल.

रविवार, ९ मार्च

सुट्टी असून गेले. ड्रेसिंगचा कचरा जाळतात त्या भट्टीची राख चाळली. मावशी, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया, बघायला आल्या. "काय शोधताय सिस्टर?" तोंडातून निघून गेलं, "अंगठी. आईची होती." झालं! मावशी पदर खोचून राखेत बसल्या. "अगं बाई, आईची अंगठी म्हणजे काय!" म्हणत दोन तास चाळत होत्या. मी त्यांना किती वेळा उठवलं, ऐकेनात. राखेत सुई असती तर त्यांच्या हाताला लागली असती, हा विचार पिच्छा सोडेना. मग मीही बसले त्यांच्या शेजारी. दुसरं काय करणार?

मंगळवार, ११ मार्च

काल सांगितलं नाही. आज तर सांगता येणारच नाही असं करून ठेवलंय. विणकामाच्या सुईचा तुकडा कापून घासून सतरा नंबरच्या खाचेत ठेवला, कारण डॉक्टर तिजोरी उघडून नुसती नजर टाकतात. आधी फक्त हलगर्जी होती. आता लबाडी झाली. चार दिवसांत चार सह्या. प्रत्येक सहीनं आधीची सही पक्की होते, आणि मागे फिरायची वाट बंद होत जाते.

घरी वेगळंच रामायण. दादाच्या प्लेटा खराब निघाल्या. फोटोच्या कोऱ्या काचा त्या, अंधारात ठेवायच्या. एका कुटुंबाचा फोटो काढला, धुतला तर सगळ्यांवर काळं धुकं. दादा दुकानदाराच्या नावानं शिमगा करतोय, शिळा माल दिला म्हणून. मी म्हटलं, "तुझ्या काळ्या खोलीच्या दाराला फट असेल, आधी ती बघ." "मला शिकवू नकोस, चिमे! वीस वर्षं झाली मला." तरी नंतर गुपचूप फटीत चिंध्या कोंबताना पाहिला.

हालचाली आठ. वहिनी म्हणते उशी म्हणजे देवदूत आहे. मी ती नीट तिच्या कमरेत सरकवून दिली.

शुक्रवार, १४ मार्च

दोन नंबरमध्ये एक शाळामास्तरीण आल्या आहेत, गालात गाठ. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आठ सुया. सोळा ते तेवीस काढा." सोळा ते तेवीस! म्हणजे सतरा नंबर आला. ते लोखंड बाईंच्या गालात गेलं असतं आणि तेवढी गाठ तशीच राहिली असती. मी म्हटलं, "सतराचं नेढं झिजलंय सर, त्याऐवजी नऊ नंबर देते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्यासारखी काळजी घेणारी माणसं राहिली नाहीत." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

डॉक्टरांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली आहेत, तिसऱ्याला नख नाही. तरुणपणी सुया हातानंच उचलायचे. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात, ते घाई करत नाही, असं तेच सांगतात. कुठेतरी माझी सतरा नंबर पडलीय आणि तीही घाई करत नाहीये. कुणाच्या पायाशी? कुणाच्या गाठोड्यात? रस्त्यात बाई मूल घेऊन जाताना दिसली तरी मी तिच्या पिशवीकडे बघते.

वहिनीच्या पाठीला खाज सुटतेय. पोट वाढलं की कातडी ताणते, त्यानं होतं. पावडर लावून दिली.

रविवार, १६ मार्च

कपडेधुलाईच्या खोलीत सात पिंपं उपसली. सबब सांगितली, टॉवेल कमी आहेत. काही नाही. हालचाली सात.

मंगळवार, १८ मार्च

मावशींनी मला बाजूला बोलावलं. हातात कागदाची पुडी. आत एक पितळेची अंगठी. म्हणाल्या, "तुमच्या आईची काय सापडेना. ही माझ्या आईची. मला बोटात जात नाही आता. रिकामं बोट ठेवू नका, मन खातं." मी घेईना तर रागावल्या. शेवटी घ्यावी लागली. आता ही अंगठी माझ्या कपाटात आहे. खोट्याला लोक इतकं खरं काही का देतात? हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात उभी राहून रडले, मग तोंड धुऊन ड्रेसिंगला गेले.

दादाचा दुसरा डबाही गेला. नवीन दुकानातून आणलेला! त्यानं डोक्याला हात लावला. पासपोर्टचे फोटो तीनदा काढावे लागले, गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं की नवशिका दिसतोस. वहिनी आत येऊन म्हणाली, "चिमाताई, त्यांना काही बोलू नका. जेवले नाहीत." ती सावकाश बोलत होती, पाठ ताठ धरून. पाहिलं तर कमरेवर तळहाताएवढा लाल चट्टा. म्हटलं, "उन्हात बसलीस का गं?" म्हणाली, खुर्चीवर ऊन येतच नाही. घामोळं असेल. गार पाण्याची पट्टी ठेवली आणि खडबडीत काही लागू नये म्हणून मऊ उशी पुन्हा पाठीशी लावली.

हालचाली पाच. झोपाळू झालंय पोर.

शुक्रवार, २१ मार्च

जसं घडलं तसं लिहिते.

दुपारी घरी आले तर दादा अंगणात एक धुतलेली प्लेट उजेडाला धरून उभा. "चिमे, हे बघ. आता मला वेडं ठरव." मी पाहिलं. ही प्लेट त्यानं कॅमेऱ्यात घातलीच नव्हती. डब्यातून काढून सरळ धुतली, माल शिळा आहे का बघायला. सगळी काळपट, आणि मधोमध इस्त्रीचा आकार. फिकट, पण मुठीसकट स्वच्छ.

ती आमची जुनी लोखंडी इस्त्री. दादा फळीवर प्लेटांचे डबे पुस्तकांसारखे उभे करतो आणि पडू नयेत म्हणून पुढे ती इस्त्री टेकवतो.

"बंद डब्यात इस्त्रीचा फोटो कसा येईल? कुणी काढला?" दादा विचारत होता.

मला ठाऊक होतं कुणी काढला. बंद डब्यातून, लाकडातून, माणसातून जाणारं एकच काही मला माहीत आहे. ते जाड लोखंडाला तेवढं अडतं. सावली ज्या बाजूला पडते, त्याच्या उलट्या बाजूला दिवा असतो. मी आत गेले. डबा, त्याच्या पुढे इस्त्री, आणि इस्त्रीच्या पुढे हातभर अंतरावर वहिनीची खुर्ची. खुर्चीत वहिनी. पाठीला निळी उशी.

"ऊठ," मी ओरडले. "ऊठ म्हणते ना!" ती बिचारी दचकून उठली, हातातली पेन्सिल पडली. तोंडातून पुन्हा खोटंच निघालं, "उशीत ढेकूण झालेत." मी निखारे उचलायच्या लांब चिमट्यानं उशी उचलली, बादलीत टाकली, बादली काठीला अडकवली आणि तशीच हॉस्पिटलात नेली. लोक बघत होते. बघू देत.

पडद्याआडून उसवली. शिवणीच्या आतल्या बाजूला, एका टाक्याखाली, अगदी व्यवस्थित खोचून ठेवलेली. कसबी शिंपी काम थांबवताना सुई कापडाला लावून ठेवतो तशी. नेढ्यात दोऱ्याचा जेमतेम पेरभर तुकडा, दातानं तोडलेला.

पेंगत होते. तोंडात सुई सैल झालेली लागली. चाळीस वर्षांच्या हातानं ती काढली, दोरा चावून तोडला आणि सुई हरवू नये म्हणून कापडाला लावली. गालावर दोरा राहिला. मी दोरे मोजले. सात. ठीक.

सतरा नंबर खाचेत ठेवली. लोखंडाचा तुकडा फेकला. चोवीस, सही.

शनिवार, २२ मार्च

कुणालाही कळलेलं नाही. सगळं जिथल्या तिथे आहे. कालची सही दोन आठवड्यांतली पहिली खरी सही.

मी गप्प बसले तर नोकरी आहे, घर आहे, दादाच्या प्लेटाही आता चांगल्या निघतील. त्यानं आज एक काढली, लख्ख आली. इतका खुश झाला की गाणं म्हणत होता. मी त्याच्यासमोर बसून चहा प्यायले. चौदा दिवस मी बाहेर पडायचं दार शोधत होते. ते उघडलंय, आणि त्यातून मी एकटीच मावते. वहिनी आतच राहते.

तिला माहीत नसेल तर तिचा चट्टा घामोळंच राहील. डॉक्टर तिला तपासणार नाहीत. पोटातल्या बाळाबद्दल कुणी काही विचारणार नाही. आणि उद्या काही कमीजास्त झालं, तर ती जन्मभर स्वतःलाच दोष देईल, की मी जास्त बसले, मी वाकले, मी काय खाल्लं.

ती विचारत होती, "उशी धुऊन आणताय ना? शिंपीकाकांना वाईट वाटेल."

रविवार, २३ मार्च

चट्ट्यावर फोड आले. एक फुटलाय. ही सुरुवात मी वॉर्डात शंभरदा पाहिली आहे. मी तिच्या पाठीवर पावडर लावत होते! अकरा वर्षं हे काम करणारी बाई मी, आणि पावडर!

हालचाली चार. तीनदा मोजल्या.

सोमवार, २४ मार्च

सकाळी मोठ्या डॉक्टरांसमोर रजिस्टर ठेवलं. ७ मार्चपासून २० मार्चपर्यंतच्या चौदा चोविसांवर लाल रेघ मारून 'तेवीस' लिहून नेलं होतं. सगळं सांगितलं. इस्त्री, उशी, लोखंडाचा तुकडा, शाळामास्तरीणबाईंच्या वेळी बोललेलं खोटं. मावशींची अंगठीसुद्धा.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी अर्ध्या बोटानं लाल रेघा एकेक करून मोजल्या. मग म्हणाले, "आठ तारखेला सांगितलं असतंत तर यंत्र आणलं असतं. पहिल्यांदा तुमचंच घर तपासलं असतं. तोच नियम आहे." मला तो नियम माहीत होता. मीच तो टाइप केलाय.

चट्टा भरेल म्हणाले, वेळ लागेल, खूण राहील. बाळाचं विचारलं तर म्हणाले, "सुई बाळापासून वीतभर लांब होती. काही होणारही नाही कदाचित. कदाचित होईल. जन्मल्यावर बघू, त्यानंतरही बघत राहू. सिस्टर, मला सांगता येत नाही."

मग घरी जाऊन वहिनीला सांगितलं. दादा बाहेर गिऱ्हाइकाला हनुवटी वर करा म्हणत होता, ते ऐकू येत होतं. वहिनी पलंगावर एका अंगावर कलून बसली होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "उशी किती दिवस होती?"

"चौदा."

"सुई हरवलीय हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

रोज संध्याकाळी उशी तिच्या पाठीशी कोण सरकवून देत होतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही. मग म्हणाली, "बरं. मला कुठल्या वॉर्डात यायचंय, सिस्टर?"

आठ वर्षांत पहिल्यांदा मला सिस्टर म्हणाली.

बुधवार, २ एप्रिल

मला कामावरून काढलं. घर महिनाअखेरीला सोडायचं. तिजोरीची किल्ली दिली, नवीन सिस्टरला खाचा दाखवल्या आणि सांगितलं, "दोरे मोजू नका. सुया बघा. डोळ्यांनी बघा, मग मोजा." ती पोरगी मान हलवत होती, तिला लवकर पळायचं होतं. मावशींना अंगठी परत करायला गेले तर त्यांनी घेतली नाही. माझ्याशी बोलल्याही नाहीत, पण अंगठीही घेतली नाही.

दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो. 'चिमे' म्हणत नाही. इस्त्रीची ती प्लेट त्यानं फोडली नाही, भिंतीला टेकवून ठेवली आहे.

वहिनी आठ दिवसांनी वॉर्डातून घरी आली. पाठीला ड्रेसिंग आहे, ते दुसरी नर्स येऊन करते. मी स्वयंपाक करते, ताट तिच्या दाराशी ठेवते. जेवते ती, ताट रिकामं येतं. एवढ्यावरही मला बरं वाटतं, इतकी मी खाली आले आहे.

आज चहानंतर सवयीनं हात पुसून तिच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज येत होता, हळू, सावकाश. "एक." मग कितीतरी वेळ काहीच नाही. "दोन." तिला मोजता येत नाही असं म्हणायची, हसू येतं म्हणून. आज ती हसत नव्हती. मी दारापाशी जमिनीवर बसले आणि ऐकत राहिले. पाचपर्यंत ऐकू आलं. त्यानंतर ती मोजायची थांबली की बाळ थांबलं, ते मला विचारता आलं नाही.